वॉल्श, बिल

वॉल्श, बिल : (३० नोव्हेंबर १९३१–३० जुलै २००७). अमेरिकन फुटबॉलमधील प्रशिक्षक आणि ‘वेस्ट कोस्ट ऑफेन्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, आखूड पासांवर (हाताने पुढे फेकलेल्या चेंडूवर) उभ्या असलेल्या आक्रमणपद्धतीचे प्रवर्तक. पूर्ण नाव विल्यम अर्नेस्ट वॉल्श. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या संघाचे मुख्य प्रशिक्षक असताना (१९७९–८८) त्यांनी तीन वेळा सुपर बोल (नॅशनल फुटबॉल लीगचा वार्षिक अंतिम सामना) जिंकला. त्यांची कीर्ती या तीन विजेतेपदांवर उभी असली, तरी ज्या पद्धतीमुळे त्यांचे नाव आजही घेतले जाते ती त्याआधी सुमारे दहा वर्षे, दुसऱ्या गावात आणि दुसऱ्याच्या हाताखाली काम करताना घडली.

जन्म लॉस अँजेल्सचा. शालेय शिक्षणाचा शेवटचा टप्पा सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्व काठावरील हेवर्ड येथे. सॅन मटेओ येथील कनिष्ठ महाविद्यालयानंतर ते सॅन होजे स्टेटमध्ये बॉब ब्रॉन्झन यांच्या संघातून खेळले. खेळाडू म्हणून विशेष नोंद घ्यावी असे काही त्यांच्या हातून घडले नाही. लष्करी सेवेत फोर्ट ऑर्ड येथे असताना ते मुष्टियुद्ध खेळत. पुढे शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला (१९५९), त्याचा रोख आक्रमणावर नव्हता. व्यावसायिक संघांच्या आक्रमणरचनेला बचाव कसा द्यावा, हा त्याचा विषय. फ्रीमाँट येथील वॉशिंग्टन हायस्कूलचे प्रशिक्षकपद, नंतर कॅलिफोर्निया विद्यापीठात मार्व्ह लेव्ही आणि स्टॅनफर्डमध्ये जॉन रॅल्स्टन यांचे साहाय्यकपद, या साऱ्या काळात त्यांचे काम मुख्यतः बचावाचेच होते. चरित्रपर लिखाणात हा भाग बहुधा दोन ओळींत उरकला जातो. तो इतका किरकोळ नसावा. बचावपटूला मैदानात नेमके कुठे पळायला नको असते, हे त्यांनी आधी त्या बाजूने पाहिलेले होते.

आक्रमणाकडे ते वळले १९६६ मध्ये, ओकलंड रेडर्सचे रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे खेळाडू) प्रशिक्षक म्हणून. पुढच्याच वर्षी सॅन होजे अपाचेज या दुय्यम श्रेणीतील संघाचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांनी सांभाळले आणि १९६८ मध्ये ते सिनसिनाटी बेंगॉल्समध्ये दाखल झाले. बेंगॉल्स हा त्या वर्षी नव्याने उभा राहिलेला संघ. संस्थापक व मुख्य प्रशिक्षक होते पॉल ब्राउन.

पद्धतीचा उगम : या प्रश्नावर दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार ही पद्धत सिड गिलमन यांच्यापासून निघते. गिलमन यांनी सॅन दिएगो चार्जर्समध्ये पासिंगला भूमितीची शिस्त लावली. त्यांचे एकेकाळचे साहाय्यक अल डेव्हिस ती ओकलंडला घेऊन गेले. आणि तेथे एक हंगाम काढलेल्या वॉल्श यांनी ती उचलली. रेडर्समधील त्या वर्षाचे ऋण वॉल्श यांनी स्वतः मान्य केले आहे, त्यामुळे हे मत निराधार म्हणता येत नाही.

दुसरे मत उगमाची जागा ओहायो नदीकाठी, सिनसिनाटीत दाखवते. १९६९ मध्ये बेंगॉल्सकडे ग्रेग कुक हा नवा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा व पास फेकणारा खेळाडू) आला. उंचापुरा, दूरवर आणि अचूक फेक करणारा. त्याच्यासाठी वॉल्श यांनी आखलेले आक्रमण लांब पासांचे होते आणि ते चाललेही. पासच्या प्रत्येक प्रयत्नामागे कुकची सरासरी ९ यार्डांच्या वर होती. पण हंगामाच्या तिसऱ्या सामन्यात त्याच्या खांद्याला दुखापत झाली. तशाच खांद्याने त्याने हंगाम काढला आणि त्यानंतर तो जवळपास खेळूच शकला नाही. १९७० मध्ये त्याच्या जागी आला व्हर्जिल कार्टर. पाय चपळ, डोके तल्लख, फेक अचूक. पण हातात जोर नाही. (कार्टरचे डोके तल्लख होते हे नुसते म्हणण्यापुरते नाही. मैदानात कोणत्या जागी चेंडू ताब्यात असला म्हणजे त्याचे गुणांत किती मोल होते, याचे गणित मांडणारा एक शोधनिबंध त्याने रॉबर्ट मॅकोल यांच्यासह १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. खेळत असलेल्या क्वार्टरबॅकच्या नावावर असे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.)

अडचण अशी होती की, ज्याला लांब फेकता येत नाही त्याच्याकडून पासचे आक्रमण चालवायचे कसे? मैदान १०० यार्ड लांब, पण रुंदही सुमारे ५३ यार्ड असते. तोपर्यंतचे पासिंग बहुतेक लांबीचा विचार करी. वॉल्श यांनी रुंदी वापरायला घेतली. चार प्रयत्नांत १० यार्ड गेले की चेंडू आपल्याच संघाकडे राहतो, या नियमाचा त्यांनी सरळ हिशेब मांडला: दर वेळी पाच-सहा यार्डांचा खात्रीचा पास दिला, तर पळून जमीन कमावणाऱ्या संघाइतकाच चेंडू आपल्या ताब्यात राहील. १९७१ मध्ये कार्टर पूर्ण पासांच्या टक्केवारीत (६२·२) सबंध लीगमध्ये पहिला आला. त्याच वर्षी नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत तिसऱ्या फेरीत घेतलेल्या केन अँडरसनला वॉल्श यांनी याच पद्धतीत तयार केले आणि १९७४ व १९७५ या दोन्ही हंगामांत तो क्वार्टरबॅक मानांकनात अग्रस्थानी राहिला.

दोन्ही मते एकमेकांना छेद देतातच असे नाही. शब्दसंग्रह आणि रचनांचे बीज गिलमन–डेव्हिस परंपरेतले मानले, तरी लांबीऐवजी रुंदी, अंतराऐवजी खात्री ही उलटापालट कार्टरच्या हातामुळे झाली, असे म्हणायला अधिक आधार आहे. गिलमन यांचे आक्रमण बचावाला उभे ताणत असे, वॉल्श यांचे आडवे. एकाचे दुसऱ्यात रूपांतर होण्यास कारण लागते, आणि ते १९७० पूर्वी सापडत नाही.

नावाचा घोळ : ‘वेस्ट कोस्ट ऑफेन्स’ हे नाव वॉल्श यांनी दिलेले नाही, त्यांना ते पटतही नसे. न्यूयॉर्क जायंट्सने १९८५ च्या हंगामातील बाद फेरीत फोर्टीनाइनर्सना १७–३ असे हरवल्यावर जायंट्सचे प्रशिक्षक बिल पार्सेल्स यांनी हा शब्द टोमण्यादाखल वापरला, असा एक वृत्तान्त आहे. दुसरा वृत्तान्त क्रीडापत्रकार पॉल झिमरमन यांनी नोंदवलेला. त्यानुसार १९९३ मध्ये डॅलस काउबॉइजमध्ये आलेला क्वार्टरबॅक बर्नी कोसार याने तेथील आक्रमणाचे वर्णन करताना हा शब्द वापरला. त्याला अभिप्रेत होती गिलमन, डॉन कोरिएल, अर्नी झँपीझी, नॉर्व्ह टर्नर ही लांब पासांची परंपरा. ते वाक्य पश्चिम किनाऱ्यावरच्या वृत्तपत्रांत पोचता पोचता वॉल्श यांना चिकटले. हा दुसरा वृत्तान्त अधिक विश्वसनीय वाटतो, कारण शब्दाचा सर्रास वापर १९९३ नंतरच दिसतो. तो खरा असेल, तर एका घराण्याचे नाव त्याच्या प्रतिस्पर्धी घराण्याला लागले आणि तेच रूढ झाले. काही अभ्यासक ‘सिनसिनाटी पद्धत’ असे म्हणतात. ते न्याय्य आहे, पण आता बदल होण्याची शक्यता दिसत नाही.

तंत्र : या पद्धतीचा पाया क्वार्टरबॅकच्या हातात नसून पायांत आहे. स्नॅप (खेळी सुरू करताना मागे दिलेला चेंडू) मिळाल्यावर तो तीन, पाच किंवा सात पावले मागे जातो, आणि रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्या खेळाडूच्या) धावेतील वळण त्या पावलांना बांधलेले असते. उदाहरणार्थ, ‘स्लँट’ या सर्वांत साध्या प्रकारात रिसीव्हर तीन पावले सरळ जाऊन आत तिरपा वळतो. क्वार्टरबॅकचे तिसरे पाऊल टेकते आणि चेंडू सुटतो. सुटताना रिसीव्हरने पुरते वळून पाहिलेलेही नसते. चेंडू त्याच्याकडे जात नाही. तो जिथे असणार आहे त्या जागी जातो, तोही धावेच्या पुढ्यात, छातीच्या उंचीवर, म्हणजे पाऊल न मोडता तो पुढे पळू शकेल. सहा यार्डांच्या पासाचे साठ यार्ड होतात ते इथे. वॉल्श सरावात चेंडू झेलला गेला की नाही यावर थांबत नसत. तो फूटभर मागे पडला तर तोच खेळ पुन्हा करून घेत.

दुसरे अंग म्हणजे नजरेचा ठरलेला क्रम. पहिला रिसीव्हर मोकळा नसेल तर दुसरा, तोही नसेल तर जवळचा रनिंग बॅक, आणि या प्रत्येक नजरेला पायाची एक हालचाल जोडलेली. त्यामुळे रनिंग बॅक हाही पूर्ण वेळेचा रिसीव्हर ठरतो. रॉजर क्रेगने १९८५ मध्ये पळून १,०५० आणि पास झेलून १,०१६ यार्ड कमावले. एकाच हंगामात दोन्हीकडे हजार गाठणारा तो पहिला खेळाडू.

तिसरे अंग आरंभीच्या खेळ्यांच्या यादीचे. सिनसिनाटीत वॉल्श प्रेक्षागाराच्या वरच्या कक्षात बसून फोनवरून खेळ्या सुचवत आणि ब्राउन त्या खेळाडूमार्फत मैदानात पाठवत. सुरुवात कशाने करणार, असे ब्राउन सामन्याआधी विचारीत, म्हणून चार-सहा खेळ्या लिहून ठेवण्याची सवय लागली. स्टॅनफर्डला ती यादी वाढली आणि फोर्टीनाइनर्सकडे २५ वर स्थिरावली. गोंगाटात, पावसात, पिछाडीवर असताना माणूस नीट विचार करत नाही. म्हणून तो विचार दोन दिवस आधी, शांत खोलीत उरकावा, हे त्यामागचे साधे कारण. यादी तंतोतंत पाळली जाई असे नाही. पहिल्या खेळ्यांना प्रतिस्पर्धी बचाव कसे उत्तर देतो हे टिपून घेणे हाही तिचा उद्देश होता. आज जवळपास प्रत्येक व्यावसायिक संघ अशी यादी करतो.

मुख्य प्रशिक्षकपद : १९७५ च्या हंगामानंतर ब्राउन यांनी प्रशिक्षकपद सोडले, पण वारस म्हणून निवडले बिल जॉन्सन यांना. वॉल्श बाहेर पडले. इतर संघांकडे आपल्याविषयी प्रतिकूल शब्द टाकला गेला, अशी त्यांची पुढे तक्रार होती. ती एकतर्फी आहे हे लक्षात घ्यावे. एक हंगाम सॅन दिएगोत डॅन फाउट्सला घडवण्यात गेला, मग दोन हंगाम स्टॅनफर्डचे मुख्य प्रशिक्षकपद (१९७७–७८), दोन्ही वर्षी महाविद्यालयीन हंगामाअखेरच्या ‘बोल’ सामन्यात विजय. १९७९ मध्ये एडी डीबार्टोलो यांच्या मालकीच्या फोर्टीनाइनर्सनी त्यांना बोलावले तेव्हा त्यांचे वय ४७ होते.

संघ आदल्या हंगामात १६ पैकी दोन सामने जिंकलेला. वॉल्श यांच्या पहिल्या वर्षीही दोनच. मात्र त्या वर्षीच्या निवडीत तिसऱ्या फेरीत, ८२ व्या क्रमांकावर क्वार्टरबॅक जो मोंटॅना आणि दहाव्या फेरीत रिसीव्हर ड्वाइट क्लार्क मिळाले. मोंटॅनाचा हात फार जोरकस नाही, हा इतरांचा आक्षेप कार्टरला घडवलेल्या माणसाला अडवणारा नव्हता. १९८० मध्ये सहा, १९८१ मध्ये १३ विजय.

१० जानेवारी १९८२ रोजी कँडलस्टिक पार्क या घरच्या मैदानावर, सुपर बोलच्या आधीच्या सामन्यात डॅलसविरुद्ध २१–२७ अशा पिछाडीवर, एक मिनिटाहून कमी वेळ उरलेला असताना, सहा यार्ड रेषेवरून मोंटॅना उजवीकडे धावला. पहिली नजर फ्रेडी सॉलोमनवर, तो अडकलेला. अंगावर येणाऱ्या बचावपटूंच्या हातांवरून त्याने चेंडू उंच भिरकावला आणि मागच्या रेषेलगत क्लार्कने उडी घेऊन तो बोटांच्या टोकांवर झेलला. २८–२७. ‘द कॅच’ म्हणून हा झेल अमेरिकेत घराघरांत ठाऊक आहे. तो दैवाचा म्हटला जातो, पण क्लार्क हा त्या खेळीतला दुसरा पर्यायच होता आणि ही उंच फेक सरावात घोटलेली होती.

दोन आठवड्यांनी मिशिगनमधील पाँटियाक येथील सुपर बोलमध्ये समोर उभा होता बेंगॉल्सचाच संघ, क्वार्टरबॅक केन अँडरसन. संघ मिशिगनच्या हॉटेलवर उतरला तेव्हा आधी पोचलेल्या वॉल्श यांनी बेलबॉयचा गणवेश चढवला आणि मोंटॅनाच्या हातची बॅग ओढू लागले. मोंटॅना ती सोडेना. सामना २६–२१ असा जिंकला. १९८४ मध्ये १५ विजय व एक पराभव, आणि सुपर बोलमध्ये मायामी डॉल्फिन्सवर ३८–१६ असा विजय. त्या हंगामात लीगमध्ये सर्वांत कमी गुण देणारा बचावही फोर्टीनाइनर्सचाच होता, तसेच १९८१ च्या यशात रॉनी लॉटसह तीन नवख्या बचावपटूंचा वाटा मोठा होता. आक्रमणाच्या कौतुकात या गोष्टी मागे पडतात.

१९८५ मध्ये रिसीव्हर जेरी राइस आणि १९८७ मध्ये क्वार्टरबॅक स्टीव्ह यंग यांना संघात आणणे हेही वॉल्श यांचे निर्णय. १९८७ च्या हंगामात मिनेसोटाकडून घरच्या मैदानावर अनपेक्षित पराभव झाला. त्या सामन्यात त्यांनी मोंटॅनाला बाहेर काढून यंगला उतरवले होते. वॉल्श आणि मोंटॅना यांच्यातील संबंध त्यानंतर पूर्ववत झाले नाहीत, आणि मालकाने वॉल्श यांचे संघाध्यक्षपदही काढून घेतले. पुढच्या हंगामात शेवट गोड झाला. २२ जानेवारी १९८९ रोजी मायामी येथे, पुन्हा बेंगॉल्सविरुद्ध, तीन गुणांनी मागे असताना संघाने स्वतःच्या आठ यार्ड रेषेवरून ९२ यार्ड कापले आणि ३४ सेकंद उरले असता जॉन टेलरने टचडाउन (प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम रेषेपार चेंडू नेणे) केला (२०–१६). बेंगॉल्सचे प्रशिक्षक सॅम वाइच हे वॉल्श यांचेच माजी साहाय्यक. सामन्यानंतर ड्रेसिंगरूममध्ये वॉल्श यांना रडू आवरले नाही. काही दिवसांतच त्यांनी पद सोडले. नियमित हंगामातील त्यांची कामगिरी ९२ विजय, ५९ पराभव, एक बरोबरी. बाद फेऱ्यांत दहा विजय, चार पराभव.

उत्तरकाळ व परंपरा : स्टॅनफर्डमधील दुसरी कारकीर्द (१९९२–९४) पहिल्या वर्षानंतर फिकी ठरली. १९९३ मध्ये प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये निवड. १९९९ ते २००१ ते फोर्टीनाइनर्सचे महाव्यवस्थापक होते.

शिष्यशाखा विस्तृत आहे. जॉर्ज सायफर्ट यांनी त्यांच्याच संघाला आणखी दोन विजेतेपदे मिळवून दिली. माइक होमग्रेन यांनी ही पद्धत ग्रीन बेला नेली, आणि त्यांचे साहाय्यक अँडी रीड यांनी पुढे कॅन्सस सिटीत तीन सुपर बोल जिंकले. रीड यांच्या आक्रमणात मात्र इतक्या ठिकाणचे मिश्रण आहे की, त्याला याच शाखेचे म्हणावे का, याविषयी दुमत होऊ शकते. कृष्णवर्णीय व अन्य अल्पसंख्याक प्रशिक्षकांना व्यावसायिक संघांच्या सराव शिबिरांत काम करू देणारी योजना वॉल्श यांनी १९८७ मध्ये सुरू केली. ती लीगने स्वीकारली आणि आज त्यांच्याच नावाने चालते.

कॅलिफोर्नियातील वुडसाइड येथे ल्युकेमियाने त्यांचे निधन झाले.