हिरवी चौकट आणि डॉक्टरांची नजर

मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी करताना डॉक्टर दुर्बीण आधी आतड्याच्या पार टोकापर्यंत नेतात. खरं शोधकाम होतं ते परतीच्या वाटेवर. दुर्बीण हळूहळू बाहेर घेत, एकेक वळी उलगडत अस्तर न्याहाळायचं, आणि त्याला निदान ६ मिनिटं द्यायची. शोधायचे असतात पॉलिप, अस्तरावर उगवलेले मांसल उंचवटे. त्यांतल्या अॅडेनोमा जातीच्या काही पॉलिपचा पुढे कर्करोग होऊ शकतो. वेळीच काढून टाकला, की तो धोका तिथेच संपतो.

पण चपटा, अस्तराच्याच रंगाचा पॉलिप अनुभवी नजरेलाही चकवतो. एकाच रुग्णाची लागोपाठ दोनदा तपासणी केली, तेव्हा पहिल्या खेपेला साधारण चारातला एक अॅडेनोमा सुटलेला आढळला. हा आकडा वाचून मी हबकलो होतो.

इथे कृत्रिम बुद्धिमत्ता कामी येते. हजारो चित्रं दाखवून तयार केलेली प्रणाली तपासणी चालू असतानाच पडद्यावरचं दृश्य वाचते आणि संशयाच्या जागी हिरवी चौकट काढते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या चाचणीत ६८५ रुग्ण होते. निदान एक अॅडेनोमा सापडलेल्यांचं प्रमाण नेहमीच्या तपासणीत ४०.४ टक्के, तर यंत्राच्या साथीने ५४.८ टक्के भरलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध आणि वैद्यकीय उपकरण नियामक संस्थेने, अशा प्रणालीला पहिली परवानगी दिली.

अर्थात चौकट कधी साध्या बुडबुड्याभोवतीही उमटते. तो पॉलिप आहे का, काढायचा का, हे डॉक्टरच ठरवतात. वळीमागे दडलेलं तर यंत्राला दिसतच नाही. दुर्बीण तिथवर वळवणारा हात माणसाचाच.

म्हणून २०२५मधला पोलंडचा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. चार केंद्रांत ही प्रणाली रुळल्यावर, तिच्याविना केलेल्या तपासण्यांत अॅडेनोमा सापडण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलं. कारण यंत्रावर विसंबायची सवयच, असं एवढ्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. तरी शिकाऊ डॉक्टरांनी काही तपासण्या चौकट बंद ठेवून कराव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरात कुणाची तपासणी ठरली असेल, तर डॉक्टरांना त्यांचं अॅडेनोमा सापडण्याचं प्रमाण जरूर विचारा. आणि आतडं साफ करायचं औषध कितीही बेचव लागलं, तरी सांगितलं तेवढं सगळं प्या. मळ चिकटलेल्या जागी ना डॉक्टरांना काही दिसतं, ना यंत्राला.