एमकेव्हीचं एमपी४ करायचंय? आधी आत काय आहे ते बघा

एमपी४ हा कोडेक नाही. चित्र, आवाज, सबटायटल आणि कोणती फ्रेम कधी दाखवायची याच्या वेळा एकत्र ठेवणारा तो डबा आहे, एमकेव्हीही तसाच. चित्र दाबायची आणि परत उलगडायची रीत ती कोडेक: एच.२६४, एचईव्हीसी, एव्ही१. नावांनी गोंधळ वाढवला हे खरं. एमपीईजी-४ या एकाच मानकाचा भाग १० म्हणजे एच.२६४ आणि भाग १४ म्हणजे एमपी४.

एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. खरी गफलत पुढे होते: 'कन्व्हर्ट' या एका शब्दात दोन अगदी वेगळी कामं कोंबली जातात.

पहिलं रीमक्स. डबा बदलतो, आतल्या चित्राचा एक बिटही बदलत नाही. वेळ साधारण फाइल कॉपी करायला लागतो तेवढाच. दुसरं री-एन्कोड. प्रत्येक फ्रेम उलगडून नव्याने दाबायची. त्यात तास जातात आणि तपशील कायमचा जातो. नंतर बिटरेट (दर सेकंदाला खर्च होणारे बिट) कितीही वाढवला तरी तो परत येत नाही. तरीही नुसता डबा बदलायचा असताना हँडब्रेक हे व्हिडिओ बदलायचं सॉफ्टवेअर सुचवलं जातं, याचा मनापासून राग येतो. हँडब्रेक चित्राचं री-एन्कोड करतंच, ते टाळायची सोयच त्यात नाही.

रीमक्ससाठी एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या साधनाचा 'कॉपी' पर्याय वापरा. सोबत 'मॅप ०' (म्हणजे सगळे ट्रॅक घे) दिलं नाही तर चित्र आणि आवाजाचा एकेकच ट्रॅक उचलला जातो आणि दुसऱ्या भाषेतला आवाज गुपचूप गळतो. एसआरटी, म्हणजे साध्या मजकुराचं सबटायटल, एमपी४मध्ये जसंच्या तसं जात नाही, ते 'मूव्ह टेक्स्ट' (mov_text) या प्रकारात बदलावं लागतं. ब्ल्यू-रेची चित्ररूप सबटायटलं मात्र सोडूनच द्यावी लागतात.

नुसतं एक्स्टेन्शन बदलणं म्हणजे काहीच न करणं. व्हीएलसी हा प्लेअर फाइलीचे सुरुवातीचे बाइट वाचून डबा ओळखतं, म्हणून तिथे ती चालते आणि टीव्हीवर अडते.

टीव्ही अडला तर आधी व्हीएलसीत कंट्रोल-जे दाबून कोडेक बघा. चित्र आहे पण आवाज नाही? बहुधा आवाजाचा कोडेक डीटीएस आहे. फक्त आवाजच एएसी या दुसऱ्या कोडेकात बदला, चित्र कॉपी करा. लॅपटॉपवर चित्र अडखळतंय, पंखा घोंघावतोय? ग्राफिक चिपला तो कोडेक उलगडता येत नाही, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर पडलाय. १०-बिट (रंगांच्या जास्त छटा साठवणारं) एचईव्हीसी इंटेलच्या सातव्या पिढीपासून चिपवर नीट उलगडतं, एव्ही१ अकराव्यापासून. १०-बिट एच.२६४ तर बहुतेक चिपना जमतच नाही. इथे डबा बदलून काडीचाही फरक पडणार नाही, री-एन्कोडच हवं.

चित्र उघडत नसूनही री-एन्कोड लागत नाही असा एक अपवाद: एचईव्हीसी असलेली एमपी४ ॲपलच्या प्लेअरमध्ये उघडत नसेल तर टॅग, म्हणजे डब्यावर लिहिलेलं कोडेकचं छोटं नाव, बघा. 'एचईव्ही१' असेल तर रीमक्स करताना 'एचव्हीसी१' द्या. चित्राला हात लावायची गरज नाही.