‘सिद्दूर हाअरी’ लुरियांनी लिहिला नाही

रब्बी इसाक लुरिया, म्हणजेच ‘अरी’, यांनी ‘सिद्दूर हाअरी’ हे ज्यू प्रार्थनापुस्तक स्वतः लिहिलं आणि कबाला या गूढविद्येचं भाष्य असलेले छापील सिद्दूर तिथूनच सुरू झाले, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

लुरिया १५७० च्या सुमारास सफेदला (आजच्या इस्रायलमधलं शहर) आले आणि १५७२ मध्ये, ऐन अडतिशीत वारले. शब्बाथची, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाची, काही गीतं सोडली तर त्यांनी फारसं लिहिलंच नाही. शिकवण शब्दबद्ध केली ती मुख्यतः शिष्य हाईम व्हिताल यांनी. तिच्यावर बेतलेले सिद्दूर दोनेकशे वर्षं हस्तलिखितांतूनच फिरत राहिले. झोल्किएव्हला (आजच्या युक्रेनमधलं झोव्क्वा) ते छापले गेले १७८१ मध्ये. असं पान डोळे भरून बघावं: ईश्वराच्या दोन चार-अक्षरी नावांची अक्षरं एकाआड एक गुंफलेली आणि कोणत्या शब्दाला चित्त कुठे लावायचं याच्या सूचना.

कबालाचं भाष्य तर १५६० मध्येच जर्मनीतल्या थिंगेनला छापून झालं होतं. भाष्यकार होते फ्रँकफुर्टचे प्रार्थनागायक नफ्ताली हिर्त्स ट्रेव्हेस. लुरिया तेव्हा सफेदला पोहोचलेही नव्हते!