मॉड्यूल शाबूत आहे, तार घुमतेय

पॅनेलमध्ये, इतर उपकरणांशी बोलणाऱ्या मॉड्यूलचा लाल दिवा लागला की निकाल ठरलेला: "मॉड्यूल गेलं." नवं बसवतात, दोन दिवस सुरळीत जातात आणि पुन्हा तोच दिवा. माझ्यासमोर एकदा तिसरं मॉड्यूल बदलायची तयारी चालली होती. काढून ठेवलेली दोन्ही टेबलावर हातभर वायरीला जोडून पाहिली, तर ठणठणीत!

हातभर वायरीवर चालतं आणि 300 मीटरवर अडखळतं, तर संशय वायरीवर घ्यायला हवा. यंत्रं चालवणारा कंट्रोलर, म्हणजे पीएलसी, ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण) आणि मीटरशी अनेकदा आरएस-485 पद्धतीने, पिळलेल्या दोन तारांवरून बोलतो. भाषा बरेचदा 1979 सालची मॉडबस. एक की शून्य, हे दोन तारांमधल्या व्होल्टेजच्या फरकावरून ठरतं. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखाच चढतो, म्हणून वजाबाकीत उडून जातो.

खरी गंमत पुढे आहे. तारेतून सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण 20 सेंटिमीटर धावतो. टोकाला वाट संपली की विहिरीत मारलेल्या हाकेसारखा परत फिरतो. 300 मीटर जाऊन यायला 3 मायक्रोसेकंद. वेग सेकंदाला 9600 बिट असेल तर एक बिट 104 मायक्रोसेकंद टिकतो आणि घेणारी चिप तो मधोमध, 52 मायक्रोसेकंदांनी वाचते. तोवर प्रतिध्वनी सतरा फेऱ्या मारून दमलेला असतो. वेग 115200 केला की बिट उरतो 8.7 मायक्रोसेकंदांचा आणि वाचन येतं 4.3 वर. तेव्हा तारेत हेलकावे चालूच असतात. एखादा बिट उलटा वाचला जातो, सीआरसीचा, म्हणजे निरोपाच्या शेवटी जोडलेल्या पडताळणीच्या आकड्याचा, ताळा जमत नाही आणि समोरचं उपकरण निरोप मुकाट्याने टाकून देतं. पीएलसीवर टीएक्सचा, म्हणजे पाठवण्याचा, दिवा लुकलुकतोय, आरएक्स, म्हणजे घेण्याचा, काळाठिक्कर. ठरलेल्या वेळात उत्तर येत नाही, याला टाइमआउट म्हणतात.

"बंद करून चालू करा" हा मंत्र इथे कधीकधी लागू पडल्यासारखा वाटतो. त्याने फक्त एरर पुसला जातो. प्रतिध्वनीला त्याची खबरही नसते.

उपाय आहे लाइनच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रेझिस्टर. अशा केबलचा अंगभूत इम्पीडन्स, म्हणजे धावत्या लहरीला जाणवणारा रोधही साधारण तेवढाच असतो. त्यामुळे टोकाला आलेल्या लहरीला पुढे केबलच असल्यासारखं वाटतं आणि ती रेझिस्टरमध्ये जिरते.

हे तपासायला सगळ्यांची वीज बंद करून डेटाच्या दोन तारांवर मल्टिमीटर लावायचा. 60 ओहमच्या आसपास आकडा आला तर ठीक. 120 म्हणजे एक टोक उघडं. 40 म्हणजे मधल्याच कुठल्यातरी उपकरणाचा टर्मिनेशनचा, म्हणजे आतला असाच रेझिस्टर जोडणारा, स्विच चालू राहिलाय. लांब तारेचा स्वतःचा रोध मिसळून आकडा थोडा वर सरकतो, तेवढं धरून चालायचं.

त्या दिवशी मीटरने 121 दाखवले. आम्ही लाइनच्या शेवटच्या ड्राइव्हपाशी गेलो. तो मध्यंतरी बदलला होता आणि बोटाच्या पेराएवढा रेझिस्टर जुन्या ड्राइव्हच्या टर्मिनलमध्येच अडकून भंगारात गेला होता.