मोटारीचे बदली टायर आणि त्यांचे वय (सोलापूर)

मूळ टायर झिजले किंवा जुने झाले की त्यांच्या जागी बसवले जाणारे नवे अथवा वापरलेले टायर. टायर कधी बदलायचा हे लोक बहुधा किलोमीटरवर ठरवतात. सोलापुरात मात्र घरगुती गाड्यांचे टायर झिजण्याआधी वाळतात. गुरुवारी अक्कलकोट किंवा मंगळवारी तुळजापूर, अशी आठवड्याला ८०-९० किमीची एकच फेरी धरली तर वर्षाला साडेचार हजार किमीच्या आसपास होतात. सहा वर्षांत सत्तावीस हजार. नक्षी शाबूत असते, रबर मात्र वाळून निकामी झालेले असते.

हवेतील ऑक्सिजन आणि ओझोनमुळे रबर कडक होते. उष्णतेने ही क्रिया वेगाने होते आणि सोलापूरचा उन्हाळा सहज चाळिशी ओलांडतो. टायरच्या रबरात संरक्षक मेण मिसळलेले असते. चाक फिरताना टायर दबतो-सुटतो, तसे ते पृष्ठभागावर येत राहते. गाडी दारात उभीच राहिली तर येत नाही. त्यामुळे कमी चाललेल्या गाडीच्या टायरला, त्यातही उन्हाच्या बाजूच्या, बारीक भेगा लवकर पडतात.

वय ओळखण्यासाठी साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, ‘डॉट’ (DOT) अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधावी. तिच्या शेवटचे चार आकडे पाहायचे : २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा, जूनची सुरुवात. पहिली जोडी ५३ च्या पुढे जात नाही. शेवटी तीनच आकडे असतील तर टायर २००० पूर्वीचा, हात लावू नये. बाहेरच्या बाजूला ओळ अर्धीच असेल तर पूर्ण ओळ आतल्या बाजूला असते. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून मोबाइलच्या उजेडात पुढच्या चाकाची वाचता येते. मागच्यांसाठी जॅक लावावा. चारही टायर वेगवेगळे वाचावेत. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी, सहाव्या वर्षी बदलण्याची तयारी ठेवावी. दहा वर्षांचा टायर कितीही चांगला दिसो, काढावाच.

नवा टायर घेताना आकार, भारांक आणि वेगाचे अक्षर जुळले पाहिजे. १६५/८० आर १४ ८५टी यातील ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलोपर्यंत भार, टी म्हणजे ताशी १९० किमी. आयएसआय चिन्ह हवेच. दुकानात पडून एक वर्ष झालेला टायर चालतो. दोन वर्षांपुढचा असेल तर भाव पाडून मागावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा भाव विचारताना करासह विचारावा आणि बिलावर टायरचे नंबर लिहून घ्यावेत. वॉरंटीच्या वेळी तोच कागद लागतो.

वापरलेल्या टायरचा हिशेब उरलेल्या रबरावर करावा. नव्याची खाच साधारण ८ मिमी खोल असते, कायद्याने मोटारीला किमान १.६ मिमी लागते. म्हणजे वापरायला ६.४ मिमी. खाच ५ मिमी उरली असेल तर हाती ३.४ मिमी येतात. अशा टायरला नव्याच्या निम्मी किंमत देणे महागच, कारण बसवणावळ आणि बॅलन्सिंग लवकरच पुन्हा द्यावे लागते. शोरूममधून निघताच मोठी चाके बसवणाऱ्यांचे उतरवलेले टायर मिळाले, तर तो खरा स्वस्त सौदा.

फसवणूक बहुधा खाचांत असते. गुळगुळीत टायरला तापल्या पात्याने नवी नक्षी कापतात आणि वर काळे पॉलिश मारतात. बोट घालून पाहावे : साच्यातली खाच तळाशी गुळगुळीत लागते, कापलेली खरखरीत आणि कमी-जास्त खोल. मूळ खाचेत १.६ मिमी उंचीचे आडवे उंचवटे असतात, कापताना ते नाहीसे होतात. अशा टायरला आतल्या पोलादी तारांवरचे रबर उरलेले नसते, म्हणून तो हैदराबाद रस्त्यावर दुपारच्या वेगात फुटू शकतो. पॉलिश ओल्या फडक्याने पुसून साइडवॉल अंगठ्याने वाकवली की भेगा उघडतात. आतून हात फिरवून ठिगळे मोजावीत; साइडवॉलवर ठिगळ किंवा फुगा असेल तर परत करावा.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागच्या चाकांना लावावेत. पावसात मागच्या चाकांची पकड सुटली तर गाडी सावरत नाही. ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह त्याच वेळी नवा घालावा. हवा सकाळी, टायर गार असताना, दाराच्या खांबावरील आकड्यांप्रमाणे भरावी. तापलेल्या टायरमधला वाढलेला दाब पाहून हवा काढणे ही इथली नेहमीची चूक : गार झाल्यावर हवा कमी पडते, साइडवॉल जास्त दबते आणि टायर आणखी तापतो.

स्टेपनी न वापरताही म्हातारी होते. तिच्यावरचा तारखेचा शिक्का बहुतेक वेळा गाडीच्याच सालचा निघतो. बाद झालेला टायर दुकानात देताना साइडवॉलला चीर पाडून द्यावा. त्याचे चार पैसे कमी येतात, पण तो कापून-रंगवून दुसऱ्याच्या गाडीला लागत नाही.