सहज प्रतिकारक्षमतेचे उद्दीपन (इन्फ्लूएंझा)

शरीरातील उपजत संरक्षणव्यवस्था संसर्गाआधीच चेतवून इन्फ्लूएंझा विषाणूला अटकाव करण्याची पद्धत. लशीने प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात; हा प्रतिसाद काही तासांत उठतो, मात्र लवकर ओसरतो. नागपुरात हिवाळ्यात ‘इम्युनिटी’साठी घेतले जाणारे गुळवेलीचे काढे या नोंदीच्या कक्षेत येत नाहीत.

या कल्पनेचे मूळ इंटरफेरॉनच्या (विषाणूबाधित पेशी सोडत असलेल्या संरक्षक प्रथिनाच्या) शोधात आहे. अॅलिक आयझॅक्स व जाँ लिंडेनमान यांनी १९५७ मध्ये लंडन येथे उष्णतेने निष्क्रिय केलेला इन्फ्लूएंझा विषाणू कोंबडीच्या गर्भपटलाच्या तुकड्यांसोबत ठेवला. त्यातील द्रव ताज्या पटलावर घातला, तेव्हा जिवंत विषाणूची वाढ खुंटली. जपानमध्ये नागानो व कोजिमा यांनी १९५४ च्या सुमारास सशाच्या त्वचेत असाच प्रतिरोधक घटक नोंदवला होता, म्हणून काही अभ्यासक अग्रमान त्यांना देतात. तो प्रयोग देवीवर्गीय विषाणूचा होता. इन्फ्लूएंझापुरते १९५७ चे कार्यच आधारभूत मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

विषाणूचे आरएनए (जनुकीय द्रव्य) पेशीतील रिग-१ आणि टोल-सदृश ग्राही (टीएलआर ३ व ७) ही विषाणू हेरणारी प्रथिने ओळखतात. त्यातून इंटरफेरॉन व पुढे विषाणूची वाढ रोखणारी एमएक्स प्रथिने निर्माण होतात. पॉली आय:सी हे कृत्रिम द्विसूत्री आरएनए त्यांपैकी टीएलआर ३ ला चेतवते. प्रयोगशाळेतील बहुतेक उंदरांत एमएक्स-१ जनुक सदोष असते, ही बाब उंदरांवरील प्रयोगांचे निष्कर्ष वाचताना नेहमी ध्यानात ठेवावी लागते. हे जनुक शाबूत असलेले ए२जी जातीचे उंदीर मात्र मुळातच या विषाणूला दाद देत नाहीत. लिंडेनमान यांनी हे १९६२ मध्ये दाखवले.

सारा भर वेळेवर आहे. आधी दिलेले उद्दीपन रक्षण करते. फुप्फुसात दाह पसरल्यावर दिलेले तो आणखी भडकवू शकते. रशियात टिलोरोन हे इंटरफेरॉन-प्रेरक वापरात आहे. भारतात मात्र लस व ऑसेल्टामिव्हिर हे विषाणूरोधक औषध हेच नित्याचे उपाय आहेत.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१चे (बर्ड फ्लूच्या इन्फ्लूएंझा प्रकाराचे) निदान केले. ज्या प्रकाराविरुद्ध नेमकी लस हाताशी नाही, तिथे प्रकारनिरपेक्ष उद्दीपनाचे संशोधन विशेष मोलाचे ठरते.