मधुमेह, दुसऱ्या प्रकारचा : आहार व विहार

इन्शुलिन तयार होत असूनही पेशी त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत व कालांतराने स्वादुपिंडही कमी पडते, अशा मधुमेहात रक्तशर्करा आटोक्यात ठेवण्यासाठी किंवा तो टाळण्यासाठी पाळावयाचे पथ्य व व्यायाम.

चरकसंहितेत प्रमेहाच्या (मधुमेहासह मूत्रविकारांचा आयुर्वेदोक्त गट) कारणांत बैठे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य व गुळाचे पदार्थ येतात. सुश्रुतसंहिता (चिकित्सास्थान, अध्याय 11) प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्त असे दोन प्रकार सांगते. पहिल्यातील रोगी कृश, दुसऱ्यातील स्थूल. निर्धन रोग्याने अनवाणी, छत्रीविना, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र काढीत शंभर योजने चालावे. इतर काहींनी शेत कसावे वा विहीर खणावी. कृशाला मात्र जपावे, असे तेथे म्हटले आहे. हे मधुमेहाचे आजचेच पहिला व दुसरा प्रकार होत, असे काही अभ्यासक मानतात. तथापि प्रमेहाच्या वीस भेदांत मूत्राचे इतर विकारही येत असल्याने एकरूपतेपेक्षा साम्य म्हणणे अधिक सयुक्तिक. उताऱ्याचा काळही वादग्रस्त आहे. संहितेवर अनेक संस्कार झाले असून इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत तिला सध्याचे रूप आले असावे, हे मत त्यातल्या त्यात ग्राह्य वाटते.

आधुनिक पुरावा मधुमेहपूर्व अवस्थेतील व्यक्तींवरील चाचण्यांतून मिळतो. अमेरिकेत (2002) वजनात 7% घट व आठवड्याला 150 मिनिटे व्यायाम असे लक्ष्य होते. मधुमेह होण्याचे प्रमाण 58% घटले, मेटफॉर्मिन या औषधाने 31%. चेन्नईत (2006) आहार-व्यायामाने ते 28.5% घटले, तेही वजन फारसे न उतरता. मेटफॉर्मिनची जोड देऊनही अधिक लाभ दिसला नाही. भारतीयांत कमी वजनातही चरबी जास्त असणे, हे या तफावतीचे एक कारण असावे. पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटनचे जॉन युडकिन या मधुमेह-संशोधकांनी 2004 मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली: दोघांचाही देहभार निर्देशांक (उंचीच्या मानाने वजन दर्शवणारा आकडा, बीएमआय) 22.3, पण चरबी युडकिन यांची 9.1%, याज्ञिक यांची 21.2%. भारतीयांसाठी हा निर्देशांक 23 पासूनच जादा धरतात.

मधुमेह जडल्यानंतरही वजन उतरवल्यास तो माघारी जाऊ शकतो. ब्रिटनमधील चाचणीत (2017) सुरुवातीचे काही महिने दिवसाला सुमारे 850 कॅलरींवर ठेवलेल्या गटातील 46% रुग्ण वर्षअखेर औषधाविना मधुमेहाच्या मर्यादेखाली होते.

महाराष्ट्रात श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली व जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसृत केलेली दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धती लोकप्रिय आहे. इन्शुलिन वा सल्फोनिलयुरिया (शरीरातील इन्शुलिन वाढवणाऱ्या गोळ्या) घेणाऱ्यांची साखर दोन जेवणांतील अशा अंतराने धोकादायकरीत्या उतरू शकते. औषधाची मात्रा आधी वैद्यकीय सल्ल्याने बदलून घ्यावी लागते.